धरायचं की नाही? : प्रस्तावना

१९९८च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या चित्रपटगृहांतून बाहेर पडणारे कितीतरी प्रेक्षक एका मधमाशीवर चिडलेले होते. ‘द एक्स-फाइल्स’ ही मालिका तोवर पाच सीझन चालली होती. एफबीआयचे दोन अधिकारी पाच वर्षं गूढ प्रकरणांमागे धावत होते : परग्रहवासीयांवर विश्वास असलेला फॉक्स मल्डर आणि पुराव्याशिवाय काही न मानणारी डॉक्टर डेना स्कली. एकमेकांसाठी ते जिवावर उदार होत होते, आणि एकमेकांना आडनावानं हाक मारत होते. मालिकेवरच्या पहिल्या चित्रपटात स्कली राजीनामा द्यायचं ठरवून त्याच्या घरी येते. दाराबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये तो तिला थांबवतो, तिच्याविना आपण अपुरे आहोत हे एकदाचं बोलून टाकतो. ती त्याला मिठी मारते. चेहरे जवळ येतात, आणखी जवळ येतात, आणि तिच्या कॉलरमध्ये अडकलेली मधमाशी नेमका तेव्हाच डंख मारते.

ते चुंबन धरायचं की नाही?

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये चेंडू भिंतीला लागून हातात आला की जो कालवा होतो, तोच इथे सुरू झाला. एका बाजूचं म्हणणं : दोघांची तयारी होती, मधमाशी हा केवळ अपघात, तेव्हा धरायचं. दुसरी बाजू म्हणे : झालंच नाही ते धरायचं कसं? हा वाद तेव्हा नवाही नव्हता. १९९७च्या एका भागात रूप बदलू शकणारा एक इसम मल्डरचं रूप घेऊन स्कलीकडे वाइन घेऊन जातो आणि तिच्या अगदी जवळ येतो. ऐन क्षणी खरा मल्डर दार फोडून आत शिरतो. ती ओढ तिला कुणाची वाटली? पुढे, १९९८च्या अखेरीस, मल्डर १९३९ सालातल्या एका जहाजावर पोहोचतो आणि तिथल्या स्कलीसारख्या दिसणाऱ्या बाईचं चुंबन घेतो. ती त्याच्या तोंडावर ठोसा लगावते. शुद्धीवर आल्यावर तो खऱ्या स्कलीला आपलं प्रेम असल्याचं सांगतो आणि ती औषधांचा अंमल समजून ते उडवून लावते. यातलं काय धरायचं?

हे पुस्तक अशा धरण्या-न-धरण्याबद्दल आहे. भुतंखेतं, रक्तपिपासू, चेटकिणी आणि देवदूत यांच्या इंग्रजी मालिकांमध्ये कुणाची जोडी कुणाशी जुळते, यावर चाहते वर्षानुवर्षं का भांडतात, भांडताना नेमकं काय पाहतात आणि त्या भांडणातून मालिका कशा बदलतात, हे पुढच्या प्रकरणांत उलगडायचं आहे. विषय पोरकट वाटेल याची मला कल्पना आहे. मलाही तो बरीच वर्षं तसाच वाटत होता.

आधी शब्दांचं पाहू. आज कोणतीही कॉलेजातली मुलगी ‘मी यांना शिप करते’ असं सहज म्हणते. यातल्या ‘शिप’चा जहाजाशी काही संबंध नाही. ते ‘रिलेशनशिप’ या शब्दाचं शेपूट आहे. इंटरनेट नुकतं घराघरांत शिरत होतं, त्या नव्वदीच्या मध्यावर ‘एक्स-फाइल्स’च्या चाहत्यांनी ते तोडून वापरात आणलं. मल्डर-स्कलीनं एकत्र यावं असं वाटणारे ते ‘शिपर’. ‘रोमान्स नको’ म्हणणाऱ्यांनी स्वतःला ‘नोरोमो’ म्हणवून घेतलं. हे नोरोमो काही रूक्ष माणसं नव्हती. स्त्री-पुरुषांनी शेजारी शेजारी बसून काम केलं की शेवट मिठीतच व्हायला हवा का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. मालिकेचा कर्ता ख्रिस कार्टर सुरुवातीपासून त्यांच्याच बाजूचा होता. त्याला या दोघांचं प्रेमप्रकरण नको होतं. पण भूमिकांसाठी त्यानं निवडले डेव्हिड डुकोव्हनी आणि जिलियन अँडरसन. वाहिनीचा आग्रह जरा वेगळ्या, ठसठशीत नायिकेचा होता, पण कार्टर अँडरसनवर अडून बसला. म्हणजे ज्यानं प्रेम लिहायचं नाही असं ठरवलं होतं, त्यानंच ते घडवून आणणारी माणसं हट्टानं निवडली.

इथे माझ्या आजीची साक्ष काढतो. आमच्या डोंबिवलीच्या घरात केबल आली तेव्हा मी आणि माझी मामेबहीण ही मालिका बघायचो आणि आजी मागे बसून पालेभाजी निवडायची. तिला इंग्रजीचा गंध नव्हता. एका रात्री तिनं विचारलं, “यांचं लग्न होऊन किती वर्षं झाली?” आम्ही हसलो. “अगं आजी, लग्न कुठलं, एका ऑफिसात आहेत दोघं.” तिला पटलं नाही. म्हणाली, “मग ती त्याला आडनावानं का हाक मारते? आमच्यात बायकाच म्हणायच्या, कुलकर्णी आले का म्हणून. आणि तो बघतो बघा कसा, ती बोलत असताना. ऑफिसातलं माणूस असं ऐकतं होय?” शेवटचं वाक्य मला पुढे फार उपयोगी पडलं. संवाद न कळणाऱ्या बाईनं जे पाहिलं, ते संवाद लिहिणाऱ्यानं लिहिलेलंच नव्हतं.

या न लिहिलेल्या गोष्टीला आपण आज सर्रास ‘केमिस्ट्री’ म्हणतो. तिचा पत्ता शोधण्याचा खटाटोप मात्र जुना आहे. भरताच्या रससूत्रावर आपल्याकडे काही शतकं जो वाद झाला, त्याचं मूळ हेच : रस राहतो कुठे? भट्ट लोल्लट म्हणाला, मुळात तो पात्रात असतो. शंकुक म्हणाला, चित्रातल्या घोड्याला आपण घोडा म्हणतो, तसं नटाच्या हावभावांवरून प्रेक्षक त्याचं अनुमान करतो. हजार वर्षांपूर्वी काश्मिरात अभिनवगुप्तानं तो सहृदय प्रेक्षकाच्या मनात नेऊन ठेवला. आता चाहत्यांचं भांडण ऐका. “त्या दोघांची गोष्टच तशी आहे” म्हणणारा लोल्लटाच्या पक्षाचा. “चौथ्या मिनिटाला त्याची नजर बघ, हात बघ” म्हणत प्रसंग पुन्हा पुन्हा मागे नेणारा शंकुकाचा. आणि “मला जाणवलं, बस्स” म्हणणारी मुलगी, तिला नाव माहीत असो वा नसो, अभिनवगुप्ताची. विप्रलंभ, म्हणजे विरहातल्या, शृंगाराची महतीही आपल्या जुन्या रसिकांना नव्यानं सांगावी लागत नाही. मालिकावाले मात्र त्याला ‘स्लो बर्न’ म्हणतात आणि सात-सात सीझन चालवतात.

पण मग भुताखेतांच्याच मालिका का? साध्या कौटुंबिक मालिकेतही जोड्या असतातच. माझं उत्तर, आणि या पुस्तकाचा मुख्य मुद्दा, असा आहे : अद्भुताच्या मालिकेत लेखकाच्या हाती अशी हत्यारं असतात की प्रेमाबद्दलची प्रत्येक शंका तो कथानकात प्रत्यक्ष घडवून दाखवू शकतो. ‘त्याच्यात तिला नेमकं काय आवडलं?’ ही शंका असेल, तर त्याचा चेहरा दुसऱ्याला देऊन बघता येतं. ‘हे प्रेम की मोहिनी?’ असं वाटलं, तर खरोखरची मोहिनी घालता येते. ‘आठवणी पुसल्या तर उरेल का?’ तर पुसूनच टाका. घरगुती मालिकेत जे रूपक म्हणून येतं, ते इथे घटना म्हणून येतं. आणि घटना झाली की तिच्यावर साक्षी-पुरावे, उलटतपासणी, निकाल हे सगळं ओघानं आलंच.

‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ (१९९७ ते २००३) हे याचं पहिलं मोठं उदाहरण. रक्तपिपासूंना मारण्याचं व्रत घेतलेली सोळा वर्षांची बफी एंजल या रक्तपिपासूच्याच प्रेमात पडते. त्याला शाप म्हणून आत्मा परत मिळालेला आहे आणि शापाची अट अशी की निर्भेळ सुखाचा एक क्षण लाभला की आत्मा गेला. जानेवारी १९९८मधल्या दोन लागोपाठच्या भागांत ते दोघं एक रात्र एकत्र घालवतात आणि सकाळी तो तिच्याशी असा वागतो, जणू ती कुणीच नव्हती. ‘रात्रीनंतर बदललेला पुरुष’ हा अनुभव किती मुलींचा असेल! इथे तो अक्षरशः सैतान होतो. पुढे स्पाइक येतो. हा खरं तर थोड्या भागांत मरायचा होता, पण जेम्स मार्स्टर्सनं ती भूमिका अशी केली की त्याला मारणं परवडेना. स्पाइकला आत्मा नाही आणि तरी तो बफीवर प्रेम करतो. मग ज्याला सदसद्‌विवेकच नाही, त्याचं प्रेम धरायचं का? मे २००२च्या एका भागात तो तिच्यावर जबरदस्ती करू पाहतो, आणि त्यानंतर स्वतः जाऊन आत्मा मिळवून आणतो. चाहत्यांत इथे जी फूट पडली ती अजून सांधलेली नाही. एक गट म्हणतो, शापानं मिळालेल्या आत्म्यापेक्षा मागून घेतलेला आत्मा मोठा. दुसरा म्हणतो, त्या स्नानगृहातल्या प्रसंगानंतर कुठल्याही पश्चात्तापाचं ‘शिप’ करणंच चूक. वीस वर्षं मी दोन्ही बाजूंचं ऐकतो आहे. दोन्हीकडे जे बोललं जातं ते प्रेमकथेपेक्षा संमती, शिक्षा आणि क्षमा यांबद्दल असतं.

याच मालिकेतला एक छोटा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. डिसेंबर १९९९मधला ‘हश’ हा भाग. गावातल्या सगळ्यांचे आवाज चोरीला गेले आहेत, त्यामुळे भागाचा बराचसा काळ संवादच नाहीत. विलो आणि टारा या दोन मुलींची नुकतीच तोंडओळख झाली आहे. मारेकरी मागे लागलेले, दोघी एका खोलीत कोंडलेल्या, दार अडवायला काही हवं. कोपऱ्यातलं शीतपेयांचं अवजड यंत्र विलो मंत्रशक्तीनं हलवू पाहते. ते जेमतेम थरथरतं. टारा तिच्याकडे बघते आणि तिचा हात हातात घेते. दोघी एकदम मान वळवतात, आणि यंत्र सरकत जाऊन दारावर आदळतं. एक शब्द नाही, एक चुंबन नाही. ही टाराची मालिकेतली पहिलीच भेट, आणि तरी चाहत्यांनी तिथेच जोडी बांधली. पुढे ती पडद्यावरही जुळली. ज्या भागात स्पाइक घसरतो, त्याच भागात टारा गोळी लागून मरते. समलिंगी जोडीतल्या एकीला असं हकनाक मारण्यावर जो संताप उसळला, तो दूरचित्रवाणीच्या इतिहासात नोंदला गेला आहे.

‘द व्हॅम्पायर डायरीज’नं (२००९ ते २०१७, १७१ भाग) तर या प्रकारच्या वादाचं न्यायालयच उघडलं. एलेना ही नायिका, स्टेफन आणि डेमन हे दोघे रक्तपिपासू भाऊ, आणि प्रेक्षक दोन तटांत. लेखकांनी काय काय पुरावे पुरवले ते पाहा. दुसऱ्या सीझनमध्ये डेमन तिच्यावरचं प्रेम कबूल करतो आणि लगेच मोहिनी घालून तिला ते विसरायला लावतो. जे तिला आठवत नाही, पण आपण पाहिलं, ते धरायचं का? तिसऱ्या सीझनच्या शेवटी ती स्टेफनची निवड करते. त्याच भागात कळतं की तिची पहिली भेट डेमनशीच झाली होती, आणि तीही त्यानं पुसून टाकलेली. चौथ्यात ती डेमनच्या रक्तामुळे रक्तपिपासू होते आणि त्याच्याशी एका बंधनानं जखडली जाते. मग तिची ओढ तिची स्वतःची, की रक्ताची? बंधन तुटल्यावरही ती डेमनचंच नाव घेते. पाचव्यात उलट सांगितलं जातं की स्टेफन आणि एलेना यांचे हमशकल युगानुयुगं एकमेकांकडे ओढले जातात. सहाव्यात तीच आपल्या मनातलं डेमनचं प्रेम पुसून घेते, आणि पुन्हा त्याच्याच प्रेमात पडते. प्रत्येक वळण एका तटाच्या हरकतीला दिलेलं उत्तर आहे, आणि प्रत्येक उत्तरातून दुसऱ्या तटाला नवी हरकत मिळते. २०१७च्या मार्चमधली शेवटची चौकट मात्र दोन्ही तटांना चकवणारी निघाली. एलेना डेमनला मिळते हे खरं, पण मालिका संपते ती दोन भावांच्या मिठीवर.

याच मालिकेनं एक अवघड प्रश्नही पुढे ठेवला. बॉनी ही कृष्णवर्णी चेटकीण आणि डेमन एका बंद जगात अडकतात, तेव्हा कित्येकांना तिथली केमिस्ट्री नायिकेपेक्षा सरस वाटली. लेखकांनी ते नातं मैत्रीच्या पुढे जाऊ दिलं नाही. कुणाच्या नजरेला ‘प्रेम’ म्हणायचं आणि कुणाच्या नजरेला ‘मैत्री’, हे ठरवताना रंग मध्ये येतो का, हे अनेक प्रेक्षकांनी स्पष्टपणे विचारलं. त्यावर या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे.

आता शेवटचा मुद्दा : हे ठरवायचं कुणी? ‘सुपरनॅचरल’मध्ये कॅस्टिएल हा देवदूत २००८ साली आला. तो आणि मालिकेचा एक नायक डीन यांच्यात प्रेम आहे असं चाहते बारा वर्षं म्हणत राहिले. ५ नोव्हेंबर २०२० रोजी दाखवलेल्या भागात कॅस्टिएलनं प्रेमाची कबुली दिली आणि त्याच क्षणी शून्यात ओढला गेला. डीन गप्पच. काही दिवसांत लॅटिन अमेरिकेसाठीचं स्पॅनिश डबिंग लोकांनी ऐकलं, आणि त्यात डीन ‘माझंही’ अशा अर्थाचं उत्तर देतो! भाषांतरकारानं घातलेलं ते उत्तर धरायचं का? मुळात नाही म्हणून सोडायचं, की मुळात असायला हवं होतं म्हणून धरायचं?

आणि लेखिकेचा शब्द तरी अंतिम का? ‘व्हॅम्पायर डायरीज’च्या मूळ कादंबऱ्या एल. जे. स्मिथ यांच्या, पहिल्या १९९१ सालच्या. पण त्या एका कंपनीनं मोबदला देऊन लिहून घेतल्या होत्या, हक्क लेखिकेकडे नव्हते. २०११मध्ये त्यांना बाजूला सारून पुढची पुस्तकं दुसऱ्याकडून लिहून घेण्यात आली. मग ॲमेझॉननं चाहत्यांना या पात्रांवर रचलेल्या आपल्या गोष्टी रीतसर विकायची सोय करून दिली, तेव्हा २०१४ साली स्मिथबाईंनी तिथे जाऊन स्वतःच्याच पात्रांवर चाहत्यांच्या रांगेत उभं राहून कथा लिहिल्या. ज्या बाईनं एलेना घडवली, ती कायद्याच्या लेखी एलेनाची केवळ एक चाहती उरली. मालकी, लेखन आणि प्रेम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे याहून नेमकेपणानं मला कुठे दिसलेलं नाही.

मराठी वाचकाला हे फार परकं वाटू नये. झी मराठीवरच्या ‘रात्रीस खेळ चाले’नं २०१९च्या दुसऱ्या पर्वात मागचा काळ उलगडला, आणि माधव अभ्यंकरांचे अण्णा नाईक व अपूर्वा नेमळेकरांची शेवंता घराघरांत पोचले. अण्णा दुष्ट, संबंध चोरटा, घरात बायको, माई, बसलेली. तरी लोक त्या दोघांच्या प्रसंगांची वाट बघत. पुढच्या पर्वात शेवंताची नटी बदलली आणि ‘ती शेवंता ही नव्हे’ असं कट्ट्याकट्ट्यावर ऐकू आलं. पात्र तेच, वाडा तोच, मग हरवलं काय? लोल्लट आणि शंकुकानं अण्णांच्या वाड्यात बसून वाद घालावा असा हा मामला.

या वादांची एक काळी बाजू आहे आणि ती मी झाकलेली नाही. पात्रांवरचं प्रेम नटांच्या खाजगी आयुष्यावर दावा सांगू लागतं, नायिकेच्या वाट्याला द्वेष येतो, लेखकांना धमक्या जातात. चौकटीतलं भांडण चौकटीबाहेर नेणाऱ्यांची मला बाजू घ्यायची नाही. पण म्हणून एका नजरेचे अर्थ लावत बसणाऱ्या हजारो मुला-मुलींना वेडगळ ठरवणंही मला मान्य नाही. आपल्या शाळा-कॉलेजांत धड्याखालची उत्तरं पाठ होतात. ही मुलं मात्र एका प्रसंगावर तीन तास वाचन करतात, पुरावा देतात, प्रतिवाद ऐकतात आणि क्वचित मतही बदलतात.

मल्डर-स्कलीचं काय झालं, ते सांगून थांबतो. नोव्हेंबर १९९९मध्ये दाखवलेल्या भागात, हॉस्पिटलच्या टीव्हीवर नव्या वर्षाचा जल्लोष चालू असताना, हात झोळीत अडकवलेला मल्डर अखेर तिचं चुंबन घेतो. जग काही बुडत नाही. शिपर जिंकले असं वाटलं. मग नोरोमोंनी मुद्दा काढला की नववर्षाच्या ठोक्याला अमेरिकेत कुणीही कुणाचंही चुंबन घेतं, ते धरायचं नसतं.

मी ते धरलेलं आहे. प्रत्येक प्रकरणात माझी बाजू उघड आहे, कारण यात तटस्थ राहिलेल्या माणसाला फारसं काही दिसत नाही असा माझा अनुभव आहे. वाचकांना एवढीच विनंती, की एखादी मालिका पाहिली नसेल तर त्या प्रकरणात उल्लेखलेला एक प्रसंग तरी आवाज बंद करून पाहावा, आपलं मत समासात पेन्सिलीनं लिहावं, आणि मगच माझं वाचावं.